भरतीवाले वालावलकर

आमच्या वालावलकरांकडे दर गुरुवारी मुलाखती असत. नोकरी नसे.

थट्टा नाही करत. बोरिवली पूर्वेला आमच्या शेठची एक स्कीम चालू होती. म्हणजे चालू आहे असं मी फोनवर सांगायचो. प्रत्यक्षात ती सातव्या स्लॅबवर येऊन थांबली होती. वरच्या सळ्या गंजत होत्या, क्रेनवर कावळ्यांनी संसार थाटला होता आणि मी सेल्सवाला 'पझेशन लवकरच' हे दोन शब्द दिवसभर इतक्या वेगवेगळ्या सुरांत म्हणत होतो की गाणं शिकलो असतो तर निदान गळ्याचं चीज झालं असतं. अशा ठिकाणी नवीन माणूस कोण घेणार? तरी गुरुवार उजाडला की इस्त्रीचे शर्ट घातलेले, फाइल छातीशी धरलेले लोक गेटवर यायचे. इंजिनीअर, सुपरवायझर, ड्रॉइंग काढणारे, माझ्यासारखे फ्लॅट विकणारे. वॉचमन काही न विचारता सॅम्पल फ्लॅटकडे बोट दाखवायचा.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकांना भुलवायला आधीच सजवून ठेवलेलं घर. मंदी आली तसं शेठनी स्टेशनजवळचं ऑफिस सोडलं आणि आमची वरात तिथे आणून बसवली. अकाउंट्स बेडरूममध्ये, मी बाल्कनीत आणि वालावलकर डायनिंग टेबलाशी. या घरातला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असतो, म्हणजे खोली मोठी वाटते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा जेवणानंतर जरा आडवा झालो तर पाय गुडघ्यापासून बाहेर. मला वाटलं, या वयात माझी उंची वाढली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कुटुंब आत आलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं आणि ते आल्या पावली परत गेले. ते एक बुकिंग माझ्या पायांनी घालवलं, असं शेठ अजून म्हणतात.

वालावलकर मूळचे कुडाळचे. वडील गिरणीत होते. हे तरुणपणी एका बिल्डरकडे सिमेंटच्या गोणी मोजायला लागले, मग मजुरांची हजेरी घ्यायला लागले, आणि अशी हजेरी घेत घेत एक दिवस त्यांच्या टेबलावर 'एच.आर. मॅनेजर' अशी पाटी आली. ती त्यांनी पालथी घालून ठेवली होती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी भरतीवाला." किडकिडीत अंगकाठी, पांढरा शर्ट, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं, हा आपल्याला रागावतोय की आपल्यासाठी कोणावर तरी रागावतोय?

त्यांची मुलाखत ठरलेल्या पद्धतीने चालायची. माणूस बसला की पहिलं वाक्य, "जागा नाही. आधीच सांगतो. आता चहा घेणार?"

माणूस अर्धा उठायचा. "मग साहेब, मी निघू?"

"बसा हो. इस्त्री केलीये ना शर्टाला? ती कशाला वाया घालवता?"

आणि मग खरीखुरी मुलाखत व्हायची. आधी कुठे होता, किती मजले चढवले, काम का सुटलं. सगळं रीतसर. शेवटी त्यांचा हुकमी प्रश्न यायचा, "तुम्ही बांधलेल्या घरात कधी आंघोळ केली आहे का?"

चांगले चांगले गडबडायचे. एक इंजिनीअर तर म्हणाला, "साहेब, ऑफिशियली नाही."

"मग पाणी जाळीकडे जातं की दाराकडे येतं, तुम्हाला कसं कळणार? आणि दाराकडे आलं तर ते रोज सकाळी पुसणाऱ्या बाईला तुमचं नाव तरी माहीत असणार आहे का?"

बरे दिवस होते तेव्हा माझीही मुलाखत याच टेबलाशी झाली होती; ऑफिस स्टेशनजवळ असलं तरी सेल्सच्या माणसाला ते सॅम्पल फ्लॅटवरच बोलवायचे. बोलणं संपवून वालावलकर चहा सांगायला उठले. मला सकाळपासून काही पोटात नव्हतं, आणि समोर टोपलीत लालबुंद सफरचंदं. एक उचललं आणि चावा घेतला. ते परत आले तेव्हा माझे पुढचे दोन दात मेणात रुतलेले होते.

"मेल्या," ते मालवणीत आले, "ता मेणाचा असा!"

मग शांतपणे टोपलीतलं ते सफरचंद चावलेल्या बाजूने फिरवून ठेवलं आणि म्हणाले, "सेल्सला घेतो तुला. शोभेच्या वस्तूवर एवढा विश्वास टाकणारा माणूस गिऱ्हाइकाला मनापासून विकेल."

तर मंदीतले गुरुवार. एकदा मी न राहवून विचारलं, "वालावलकर, यात तुम्हाला मिळतं काय? त्यांना नोकरी नाही, तुम्हाला माणूस नाही. चहा तेवढा संपतो."

ते कपबशा आवरत होते. "सवय जाते रे माणसाची. महिनोन् महिने कोणी काही विचारलं नाही की स्वतःचं नावसुद्धा खालच्या आवाजात सांगायला लागतो. मग कुठे खरी जागा निघते आणि तिथे हा तोंडातल्या तोंडात बोलतो. वाट लागते मग." थोडं थांबून म्हणाले, "मी फक्त आवाज मोकळा करून पाठवतो."

हे खोटं नव्हतं. येताना चप्पलसुद्धा आवाज न करता काढणारा माणूस जाताना गेटवर वॉचमनशी क्रिकेटवर वाद घालत जायचा, हे मी बाल्कनीतून बघत असे. काहींना ते पत्ताही द्यायचे. भांडुपला एकाचं काम चालू आहे, घाटकोपरला जुन्या बिल्डिंगीचा पुनर्विकास निघालाय, माझं नाव सांगू नका, उपयोग नाही. एकदा प्लंबिंगचं काम बघणारे एक वयस्क गृहस्थ आले. आंघोळीचा प्रश्न आला तसे म्हणाले, "साहेब, आमच्याकडे चाळीत सगळ्यांची मिळून एक मोरी आहे. पन्नास बाथरूम केले असतील. आंघोळ नाही केली." वालावलकरही दहिसरला चाळीतच राहतात. पुढच्या गुरुवारपासून तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

मग एका दुपारी, डबा खाताना, त्यांनी मला सहज सांगितलं, "या महिन्यापुरता आहे मी."

"म्हणजे?"

"शेठ म्हणाले, भरती बंद, मग भरतीवाला कशाला? बरोबरच आहे रे त्यांचं. मी शेठ असतो तर आधीच विचारलं असतं." आणि कोलंबीचं लोणचं माझ्या डब्याच्या झाकणात वाढलं. "खा. घरचं नाही, चाळीतल्या परबीण काकूंनी दिलंय."

घरचं कुठून असणार? त्यांच्या पत्नीला जाऊन दोन पावसाळे झाले होते. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. ती बोलवत होती, पण वालावलकर म्हणायचे, जावयाच्या घरी पाहुण्याने तीन दिवस राहावं, चौथ्या दिवशी त्याला भाजी आणायला पाठवतात, आणि मला गुजरातीत भाव करता येत नाही.

मुलुंडला एका मोठ्या बिल्डरकडे अनुभवी माणूस हवाय, असं मीच कुठून तरी ऐकून आलो. वालावलकरांनी अर्ज पाठवला. बोलावणं आलं. आणि हा माणूस, ज्याने आयुष्यभर लोकांच्या मुलाखती घेतल्या, तो आदल्या दिवशी माझ्या बाल्कनीच्या दारात येऊन उभा राहिला.

"कर्णिक, जरा माझी घेशील?"

"काय?"

"मुलाखत. मी कधी दिलीच नाही रे. पहिल्या नोकरीला मामाने नेऊन उभं केलं. मग एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे दिलं. समोरच्या बाजूला कधी बसलोच नाही."

मला केवढा आनंद झाला! सफरचंदाचा सूड उगवायची संधी. मी त्यांच्या जागेवर जाऊन बसलो, पाटी सरळ केली, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणालो, "जागा नाही. आधीच सांगतो."

ते हसले नाहीत. हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

"तुमच्याबद्दल सांगा."

"आम्ही बोरिवलीच्या स्कीमला..."

"आम्ही नाही. मी म्हणा. हल्ली मी म्हणायचं असतं."

"बरं. मी..." घसा साफ केला. "तो जाधव आहे ना, त्याला मी घेतला तेव्हा त्याला लेव्हल धरता येत नव्हती. आज पुण्याला मोठ्या प्रोजेक्टवर आहे. आणि ती ड्रॉइंगवाली पोर, ती..."

"हे त्यांचं झालं, वालावलकर. तुमचं सांगा."

ते विचार करू लागले. मी पेन टेबलावर टकटक वाजवत होतो. बड्या साहेबाची नक्कल मला झकास जमली होती. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझं काय सांगू रे? आठवतच नाही काही."

पेन वाजवणं थांबवायला मला जरा उशीरच झाला.

दुसऱ्या दिवशी ते मुलुंडला गेले. मी दुपारपासून तीनदा फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी आले ते सरळ बाल्कनीत. माझ्यासमोरच्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले.

"मिळाली," म्हणाले.

मी ओरडलोच. "अहो मग पेढे!"

"भरतीची नाही. कपातीची. त्यांना निम्मा स्टाफ कमी करायचाय. ते सांगायला माणूस हवाय. साहेब म्हणाले, तुमचा चेहरा बरा आहे, लोक भांडणार नाहीत."

क्रेनवरचे कावळे तेवढ्यात ओरडायला लागले. मला त्यांचा पहिल्यांदाच आधार वाटला.

"घेऊ का?"

माझ्यासारख्याला सल्ला विचारणं म्हणजे झोपाळ्याला रस्ता विचारण्यासारखं. मी आधी म्हणालो घ्या, पगार आहे. मग म्हणालो घेऊ नका, शाप लागतील. मग म्हणालो घ्या, नाहीतर दुसरा कोणीतरी घेईलच. मग म्हणालो, पण तो दुसरा तुम्ही नसाल ना.

"नीट सांग रे. घरी विचारायला आता कोणी नाही म्हणून तुला विचारतोय. भिंतीला विचारलं असतं तर निदान एकच उत्तर आलं असतं."

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. दिवसभरातलं तेवढंच एक काम माझ्याकडून नीट झालं.

दोन घोट घेऊन तेच बोलले. "आज बाहेर बसलो होतो ना, तेव्हा एकाला काढताना बघितलं. काचेतून दिसत होतं. साहेब बसलेला आणि तो उभा. समोर खुर्चीच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, दोन मिनिटांचं काम, बसायला कशाला लागतं? वीस वर्षं काम केलं असेल त्या माणसाने, कर्णिक. उभ्या उभ्या." त्यांनी हातातला रुमाल घडी घालून परत उलगडला. "घेतो मी. सांगायचं तर आहेच कोणालातरी. मी निदान बसवून सांगेन."

"ते खुर्ची देणार आहेत?"

"बजेट नाही म्हणाले."

म्हणून रविवारी आम्ही दोघे ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरच्या बाजारात. मी आपला समजत होतो, पाच मिनिटांचं काम. पहिली दिसेल ती खुर्ची रिक्षात टाकायची, वाटेत कुठेतरी मिसळ खायची आणि घरी. पण वालावलकर एकेका खुर्चीवर बसत होते, हात टेकवत होते, मागे रेलत होते, उठत होते आणि पुढच्या खुर्चीकडे जात होते. हाताची नको, माणूस अडकल्यासारखा वाटतो. बिनहाताची नको, हात कुठे ठेवायचे कळत नाही. फिरती तर मुळीच नको, तेवढ्या वेळात माणसाला निदान एक जागा पक्की हवी. लाल नको. चाकांची नको, उठताना मागे सरकली तर तोल जायचा, आणि त्या वेळी तोल गेला तर फार वाईट.

तिसऱ्या दुकानातला दुकानदार कंटाळला. "अंकल, कुर्सी लेनी है के तपस्या करनी है?"

"लेनी है बाबा," वालावलकर म्हणाले. "लेकिन मेरे लिए नहीं है।"

"तो जिसको बैठना है, उसको लेके आओ ना।"

वालावलकर त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तू बस."

ती सागवानी खुर्ची होती, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातली असावी. वेताची बैठक, हात आखूड, पाठ जरा कललेली. मी बसलो. नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं.

"डोळे मीट," ते म्हणाले.

मी मिटले. बाजारात हातोड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी पॉलिश मारत होतं, त्याचा उग्र वास. वालावलकर माझ्या अगदी समोर, जवळ उभे होते.

"असं समज, आत्ता मी तुला सांगितलं की उद्यापासून येऊ नको." त्यांचा आवाज खाली आला होता. "घाई करू नको. नीट बस. आता सांग, पाठीला लागतंय कुठे?"

मला नेमकं काय झालं ते सांगता येणार नाही. मी विनोद गिळला, हात खुर्चीच्या आखूड हातांवर ठेवले आणि पाठ मागे टेकवली.

"डावीकडे," मी म्हणालो. "थोडंसं टोचतं."

"मग ही नको," ते म्हणाले आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला हळूच उठवलं.