सुभेदारांची कवळी

नवऱ्याच्या शोकसभेत जादूचं नाव निघता कामा नये, अशी सक्त ताकीद विमलाबाईंनी जावयाला दिली होती. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली, पण सासूबाईंनी अभिरामला एखादं काम सांगण्याची ही पहिलीच वेळ. एरवी गॅस सिलिंडर बदलायचा झाला तरी त्या शेजारच्या विश्वजितरावांना हाक मारायच्या.

“हे बघा अभिराम,” त्या म्हणाल्या, “ह्यांनी फौजेत तीस वर्षं जवानांचे दात काढले, बसवले, कर्नल झाले. तेवढंच बोलायचं. ते रुमाल, ते पत्ते, ती कबुतरं, काही काढायचं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात ह्यांनी भटजींच्या कानातनं अंडं काढलं! भटजी मंगलाष्टकं अर्धी टाकून आंघोळीला पळाला. जिवंतपणी हसं करून घेतलं ते घेतलं, आता फोटोत तरी मान राहू दे.”

“आई, तुम्ही काळजीच करू नका,” अभिराम म्हणाला आणि जिवाचं रान करून कामाला लागला. तो क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा, त्यामुळे सगळं कसं मोजूनमापून. राजारामपुरीतला हॉल ठरवला, वक्ते तीनच ठेवले आणि तिघांकडूनही ‘जादूबद्दल बोलणार नाही’ असं वचन घेतलं.

ऐन वेळी मंडपवाल्याचं टेबल आलं नाही. फोन केला तर तो म्हणाला, “लग्नात अडकलंय सर, उद्या देतो की.” उद्या शोकसभा कोण घेणार? शेवटी विश्वजितराव मदतीला धावले.

“कर्नलसाहेबांच्या गॅरेजात एक टेबल हाय की. झाकून ठेवलंय. आणूया?”

टेबल बघून अभिरामचा जीव भांड्यात पडला. वर काळी मखमल, चारी बाजूंनी जमिनीला टेकणारी काळी झालर. जणू शोकसभेसाठीच करून घेतलेलं. टेम्पोत घालून आणलं, मागच्या कडेला कर्नलांचा गणवेशातला फोटो ठेवला, हार घातला. पाच वाजता विमलाबाई येऊन पहिल्या रांगेत लेकीशेजारी, अदितीशेजारी बसल्या. टेबल बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण तोवर सभा सुरू झाली.

पहिला मान विश्वजितरावांचा. त्यांनी ओंजळभर शेवंती फोटोपुढे वाहिली, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर फुलं नाहीत! वाहायचीच राहिली की काय, असं वाटून त्यांनी दुसरी ओंजळ वाहिली. तीही गेली. तिसऱ्या ओंजळीला मागून आवाज आला, “विश्वजितराव, किती वाहताय? मागं माणसं हायत!” बिचारे ओशाळून खाली उतरले.

मग शाहूवाडीहून मुद्दाम आलेले ज्ञानू सुभेदार बोलायला उभे राहिले. वय ऐंशी, आवाज अजून परेडचा.

“लडाखात साहेबांनी माझं समदं दात काढलं आन् ही कवळी बसीवली. पस्तीस वर्सं झाली, अजून ऊस खातोय मी हिच्यावर! बघा की!”

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कवळी तोंडातून काढली, सभेला दाखवली, आदरानं फोटोपुढे ठेवली आणि कडक सॅल्यूट ठोकला. हात खाली आला तेव्हा मखमलीवर काहीच नव्हतं. सुभेदार ओरडले, पण दातांशिवाय काय ओरडले ते कुणाला कळेना. मग त्यांनी आ वासून बोळकं दाखवलं.

“आयला, साहेब आल्यात!” मागून कुणीतरी ओरडलं. “जादू केली बघा!”

झालं! नको तो शब्द निघाला आणि सगळ्या सभेला कंठ फुटला. कुणाच्या नाकातनं कर्नलांनी लिंबू काढलं होतं, कुणाच्या टोपीतनं ससा. अभिरामनं मोबाइलचा दिवा लावला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी झालर वर करायची म्हणून मोबाइल टेबलावर ठेवला. आत मिट्ट काळोख. मोबाइल घ्यायला वर हात नेला तर मोबाइल गायब! आणि त्याच क्षणी फोटोखालून, टेबलाच्या पोटातून तो खणखणायला लागला.

“साहेबांना फोन आलाय!” विश्वजितराव म्हणाले आणि अख्खा हॉल हसत सुटला.

तेवढ्यात विमलाबाई उठल्या. हसू जागच्या जागी थिजलं. अभिरामनं मनातल्या मनात अकरा वर्षांवर पाणी सोडलं.

त्या टेबलापाशी आल्या, पदर कमरेला खोचला. “सरका. खटका सैल झालाय, वर ठेवलं की आत पडतं. असं उघडत नाही ते.” त्यांनी टेबलाच्या पायाला गुडघ्यानं एक धक्का दिला, दोन्ही तळवे सभेला रिकामे दाखवले, मखमलीवरून एक हात फिरवला आणि मूठ उघडली. मुठीत कवळी! पाठोपाठ मोबाइल आणि तीन ओंजळी शेवंती.

“साहेबांची जादू जिती हाय!” कवळी बसवून सुभेदार गरजले.

“साहेबांची कसली?” विमलाबाई कडाडल्या. “बत्तीस वर्षं ह्या टेबलाखाली कोण बसायचं? मी! हे वर नुसता हात हलवून ‘छू’ म्हणायचे. खालनं दोरी ओढायची मी, रुमाल सरकवायची मी, कबुतर धरून बसायची मी. टाळ्या ह्यांना आणि गुडघे गेले माझे! कधी नाव घेतलं एकदा तरी?”

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की अदितीसुद्धा खुर्चीवर उभी राहिली. विमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फोटोकडे वळून म्हणाल्या, “ऐकताय न्हवं?” माणूस गेल्यापासून आज पहिल्यांदाच त्या त्याच्याशी नीट बोलल्या.

“ताई, आणखी एक हूं द्या!” मागून फर्माईश आली.

“आई,” अभिराम काकुळतीला आला, “शोकसभा आहे हो. आता दोन मिनिटं शांतता आहे.”

“शांतता मागनं पाळू,” विमलाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. तोंड सभेकडे, हात मखमलीवर. “झालर वर करा आणि जा आत. मी ‘छू’ म्हटलं की उजवीकडची दोरी ओढा.”

पांढराशुभ्र इस्त्रीचा लेंगा सावरत अभिराम टेबलाखाली शिरला. वर टाळ्या चालू होत्या. सासूबाईंचे गुडघे कशानं गेले, ते त्याला दोन मिनिटांत कळलं.