रणदिव्यांची पेटी

बलदच्या, म्हणजे जेद्दाच्या जुन्या शहरातल्या बाजारात लोक सोन्याचा भाव विचारतात, खजुराचा विचारतात. आमचे शेजारी रणदिवे स्वतःचं प्रेत जेद्दाहून मुंबईला पाठवायचा भाव विचारत. तोही घासाघीस करून.

माणूस धडधाकट होता. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात माझ्या नवऱ्याच्या, दिलीपच्या, हाताखाली फोरमन. शुक्रवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. सौदीत आपल्या लोकांना दहनाची सोय नाही, गेलेल्या माणसाला पेटीत घालून मायदेशी धाडायचं, हे इथं सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्याचा कोणी असा पाठपुरावा करत नाही.

"अहो, कंपनी पाठवते की," दिलीप म्हणायचा.

"कंपनी!" रणदिव्यांचा घास हातातच राहायचा. "कंपनीचं लाकूड बघितलंत का कधी? प्लायवूड! आणि स्वस्त पडतं म्हणून दिल्लीमार्गे धाडतात. जन्मात दिल्लीचं तोंड पाहिलं नाही, ते आता मेल्यावर पाहू?"

म्हणून त्यांनी बलदमधली कार्गोची सगळी दुकानं पालथी घातली होती. एकाच्या पेटीच्या बिजागऱ्या कुरकुरतात. दुसरा उलट बोलतो. शेवटी त्यांची मर्जी बसली हसनभाईंवर. हे मूळचे रत्नागिरीकडचे. गावी निघालेल्यांचं सामान बांधून पाठवायचा त्यांचा धंदा होता आणि पेट्या ठोकायला दुकानात स्वतःचा सुतार होता. तिथल्या सामानाच्या काट्यावर रणदिवे अधूनमधून चढायचे. कार्गोचं भाडं किलोवर असतं ना!

त्यापायी माझ्या श्रीखंडाचा फार अपमान झाला. इथल्या घट्ट दह्याचा चक्का बांधून, केशर घालून मी करायची, आणि रणदिवे वाटीवर हात धरायचे. "नको वहिनी, वजन पेटीत धरतात." पुन्हा आग्रह केला की ठरलेलं वाक्य यायचं, "खर्चाचं जिवंतपणीच बघावं. नंतर आपलं तोंड बंद." मला कधीकधी वाटायचं, याच वाटीने यांच्या डोक्यात घालावी.

मग एक्क्याण्णव साली आखातातली लढाई आली. क्षेपणास्त्रं पडत होती ती लांब रियाधकडे, पण जेद्दातही आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. प्रवासी विमानं बंद पडली. कार्गोवाले लढाईचा जादा विमा मागू लागले. रणदिवे भडकले. "मेलेल्या माणसाचा विमा? त्याला आणखी काय व्हायचं राहिलंय?" मग त्यांनी जाहीर केलं की सध्या मरण परवडत नाही, सबब पुढे ढकललं आहे. सिगारेट सुटली. जिना कठडा धरून उतरू लागले. खबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला कोपऱ्यावर जायचे तेसुद्धा कारखान्याचं हेल्मेट घालून. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या दिवसांत हसायला दुसरं होतंच काय?

अशाच एका शुक्रवारी रणदिवे जेवायला आले नाहीत. दार वाजवलं, आतून उत्तर नाही. आदल्या दिवशी छातीत कळ आल्याचं म्हणत होते. मी वाढून झाकून ठेवलेल्या ताटाकडे बघत असतानाच फोन वाजला. पलीकडे हसनभाई.

"ओ वैनी, रणदिव्यांची पेटी तयार हाय. जड हाय, उचलायला दोन माणसं लागतील."

मी विचारलं, "आणि... रणदिवे?"

"ते पन हितंच. सकाळधरनं आडवेच हायत." आणि फोन कट.

बलदपर्यंत गाडीत मी रडत होते. दिलीप नुसता समोर बघत गाडी हाकत होता. विमानं बंद, आता यांना ठेवायचं कुठे, कळवायचं कुणाला? शेवटचा प्रश्न मनात आला आणि लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याला ठाऊकच नाही. इतकी वर्षं ते आमच्या पंगतीला जेवत होते, पण त्यांच्या घरी कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुकानात शिरलो तर रणदिवे गोणपाटांवर पसरून घोरत होते. शेजारी पेटी होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, भात्याची. वाजवायची पेटी!

मी त्यांना गदागदा हलवलं. "अहो, मेलात ना तुम्ही!"

"छे हो, सध्या कुठलं!" ते डोळे चोळत उठले. लढाईला भिऊन, विमानं बंद व्हायच्या आधीच गावी गेलेल्या एका कुटुंबाने ती पेटी हसनभाईंकडे विकायला ठेवली होती. मी कधीतरी बोलून गेले होते की माझी पेटी नाशिकलाच राहिली. ते यांनी ध्यानात ठेवलं होतं. झाकण फुटलं होतं, ते सुताराकडून बदलून घ्यायला रात्रपाळीहून थेट इथं आले होते, आणि वाट बघता बघता डोळा लागला. मला एकदम एवढं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले.

हसनभाईंना आमचा घोळ कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "यांची ती पेटी मी ठोकू कशी, वैनी? सगळं ठरतं, आनि मुंबैला उतरवून घेनार कोन म्हटलं का हे उठतात नि चाय सांगायला जातात."

रणदिवे रुमालाने पट्ट्या पुसू लागले. "आई होती तोवर तिचं नाव होतं," ते म्हणाले.

मी हसनभाईंकडे वळले. "हसनभाई, आमचं नाव घाला. नाशिकला माझा भाऊ आहे, आम्ही आहोत. आणि घाई नाही म्हणावं."

रणदिव्यांनी रुमाल खिशात कोंबला. पेटी त्यांनी एकट्याने उचलून गाडीत ठेवली.

घरी ताट तसंच झाकलेलं होतं. सवयीने मी श्रीखंड त्यांना सोडून पुढे नेलं, तर त्यांनी वाटी पुढे केली.

"आणि वजन?" मी विचारलं.

"वाढा हो," रणदिवे म्हणाले. "उचलणारे आहेत आता."