कोंडाजीची पापणी

आमच्या शेजारचा कोंडाजी डॉक्टरलाच पेशंट समजतो. दवाखान्यात शिरला की आधी तोच विचारणार, "तब्येत कशी काय? झोप नाय झालेली दिसत." मग ऐसपैस बसून, "हां, विचारा आता."

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आम्ही दोघं वेल्डर होतो. ठिणगी उडून त्याचा उजवा डोळा तिथंच गेला. दोन वर्षांमागं डाव्याच्या खालच्या पापणीवर फोड आला. "रांजणवाडी हाय," म्हणत गडी रोज सहाणेवर लवंग उगाळून लावायचा. खपली धरायची, रक्त यायचं, पुन्हा खपली.

मी चौथी नापास, पण मलाही कळत होतं. "कोंड्या, रांजणवाडी दोन वर्षं राहते का?"

"माझी राहते. माझ्यासारखीच चिवट हाय."

शेवटी रिक्षात कोंबून नाशिकला नेला. तुकडा तपासला, कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. पण काढला नाही तर डोळ्यात शिरेल. खालची पापणी कापून वरच्या पापणीतला भाग खाली शिवू. डोळा मात्र महिनाभर बंद राहील."

"घाबरतंय कोण?" कोंडाजी ताडकन उठला. "पण डोळा बंद नाय करायचा. चल नाना."

बाहेर मी झापला. "मरायचंय का?"

"मरतो! तुझ्या बापाचं काय जातं?" मग आवाज उतरला. "सुमन हातानं बोलते, नाना. महिनाभर ती बोलत राहील आन् मला ऐकू येणार नाय."

सुमनवहिनी जन्मापासून मुक्या-बहिऱ्या. चाळीस वर्षं दोघं खुणांनीच भांडतात. मी त्याला पुन्हा रिक्षात कोंबला.

घरी येऊन मी वहिनींना खुणांनी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि ऑपरेशनच्या दिवशी त्याच्याआधी रिक्षात जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी थोडं कापलं, तपासायला पाठवलं, पुन्हा थोडं कापलं. कोंडाजी पडल्या पडल्या म्हणतो, "बघा, नीट बघा. मीबी सांधा तपासल्याबिगर सोडत नव्हतो."

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. पट्टी बांधलेला कोंडाजी ओट्यावर बसला होता, हात पुढं पसरून. वहिनी त्याच्या तळव्यावर बोटानं भराभरा काहीतरी गिरवत होत्या, मधेच फाटकन चापट. चेहऱ्यावरून शिव्याच असाव्यात.

"काय म्हणतात रे वहिनी?"

"गप बस नाना," कोंडाजी म्हणाला. "ती बोलतेय."