आखाजीच्या आधीची मोटारसायकल

गाडी बघायला निघालेल्या माणसाने कधीतरी गाडी घ्यावी, एवढी साधी रीत सुकलालला ठाऊक नव्हती. खान्देश सोडून तो बमरोलीला कापडाच्या लूमवर कामाला होता. पाळी संपली की बाकीचे घरी येऊन भाकरी खात. हा रस्त्यात उभी दिसेल त्या मोटारसायकलीपुढे उकिडवा बसे. मागची सीट लांब आहे का, स्प्रिंग किती ओझं सोसते, पेटी आडवी बसेल की उभी. गाडीचा मालक येऊन खाकरला तरी याचं बोट साखळीतच.

कारण नेक होतं. बायकोला, म्हणजे सुंदराला, सामानासकट पाठीमागे बसवून थेट अमळनेरला माहेरी न्यायचं त्याने लग्नातच कबूल केलं होतं. पण लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बुलेट की राजदूत यात गेली. खान्देशातल्या लेकीने आखाजीला माहेरच्या झोक्यावर नसावं, म्हणजे सासरचंच नाक कापलं जातं. आता दुसरी आखाजी दोन दिवसांवर होती, आणि सुकलाल जावा गाडीच्या सायलेन्सरविषयी बोलत होता.

त्याची आई धुरपदाबाई शाळेत दोन वर्षं बसली होती, तीही धाकट्या भावाला सांभाळायला. पण बैल पारखण्यात तिच्या बापाचा हात धरणारा तालुक्यात नव्हता, आणि ते ती कोणाला विसरू देत नसे. जुन्या गाड्यांचा गुजराती दलाल छगन एक मोटारसायकल घेऊन दारात आला, तेव्हा तीच पुढे झाली. तिने गाडीभोवती एक फेरा घातला, टाकीवर टिचकी मारली, वाकून पोटाखाली पाहिलं.

"हिचं वय कसं कळावं? दात तर नाहीत."

"माजी, किलोमीटर जुओ ने," बघा म्हणत छगनने काट्यावर बोट ठेवलं.

"घड्याळ मागं फिरवता येतं, बाबा. दात नाही येत."

मग तिने निकाल दिला की बाजारात बैल नुसता चालवून कोणी घेत नाही. भरल्या गाडीला जुंपून बघतात. तसंच इथं व्हायला हवं. सुंदरा मागे बसेल, माहेरी न्यायचं सगळं सामान चढेल, आणि गाडी उधना स्टेशनापर्यंत जाऊन परत येईल. तो रस्ता गावच्या वाटेइतकाच खडबडीत होता.

सुकलालला हे भलतंच पटलं. वजनासाठी तो विटा गोळा करायला निघाला. म्हातारीने त्याला तिथंच थांबवलं. विटांनी पेटी भरली तर पेटीची पारख होईल, माहेरच्या ओझ्याची नाही. तिने स्वतः पेटी भरली: सुंदराची लुगडी, विहीणबाईंसाठी कोरं पातळ, नानखटाईचा डबा. वर वळकटी. वळकटीत भाकरी आणि ठेचा.

"चाचणीला शिदोरी कशाला?" सुकलालने विचारलं.

"गाडी बंद पडली तर तू काय पेट्रोल पिशील?"

सामान बांधायचं कामही तिने कोणाला दिलं नाही. गाठ अशी मारली की एका ओढीत सुटावी. सुकलालने हरकत घेतली, तर तिने दुसरी गाठही तशीच मारली. शेजारची कलाबाई दारात उभी राहून विचारत होती, की सूनबाईने चाचणीसाठी नथ कशाला घातली. धुरपदाबाई म्हणाली, तिचंही वजन होतं.

गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी पुढचं चाक हलकं झालं, सुकलालने टाकीवर छाती टेकवली आणि ते खाली आलं. स्टेशनाच्या चढावर गाडीला दम लागला, पण ती थांबली नाही. वर पोचल्यावर सुकलालचा आनंद मावेना. त्याने गाडी लावली, आणि शेजारीच एक फौजी कोट घातलेले गृहस्थ बुलेट पुसत होते. मग काय! मागच्या सीटवर फोम आहे की काथ्या? घाटात कितव्या गिअरला? सामानाला लोखंडी जाळी कुठे करून मिळते?

मध्येच सुंदरा काहीतरी म्हणाली. तो "हो, हो, चालेल" म्हणाला. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. त्याने हात वर केला. शेवटी पेटी किती नीट बसते ते गृहस्थांना दाखवायला तो अभिमानाने वळला, तर सीटवर दोरी तेवढी लोंबत होती. आत अमळनेरवरून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरने शिट्टी दिली. खिडकीतून सुंदराने हात हलवला. तिच्या दुसऱ्या हातात भाकरी होती.

तो घरी आला तेव्हा धुरपदाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. छगन बाजूला चहा पीत होता. तिने सुपातून मान वर केली नाही.

"पेटी खिडकीपाशीच ठेवली ना तिनं?"

सुकलालने गाडी दारात आणली. हँडल हातात, दोरी खांद्यावर. मग हळूच म्हणाला, "आई, तिकीट?"

"ते परवाच काढेल होतं. छगननं."

छगनने बशीत तोंड खुपसलं.

"मग गाडीचं काय?" सुकलालने विचारलं.

आता तिने सूप खाली ठेवलं. आधी गाडीकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि बैलबाजारात बाप बोलायचा त्या आवाजात म्हणाली, "गाडी पास शे. वझं वाहिलं, चढ चढली, वेळेवर स्टेशनाले पोचली. तू आपला आजून पाहीच ऱ्हायना. घी टाक तिले, आनि आखाजी झाली का सुंदराले आनाले जाय. वाटमा दुसरानी गाडी देखत बसू नको."