पाताळात तमिळ बोलतात

नववं रीळ गेलं हे कळलं, तो पेंचलय्याच्या बायकोच्या, कामाक्षम्माच्या वर्षश्राद्धाचा दिवस होता. सकाळी तळ्याच्या बांधावर भात, वडा आणि तिच्या आवडीचं माशांचं कालवण पानावर वाढून पेंचलय्या तासभर उभा होता. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. एकही खाली उतरेना.

"बाईची काहीतरी इच्छा राहिलीय," गेटकीपर मस्तानय्या म्हणाला.

काय राहिलंय ते पेंचलय्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने हात जोडले. "बरं बाई. आज संध्याकाळी तुझा पिक्चर लावतो. सगळ्या बायकांना फुकट. आणि नववं रीळ गाळणार नाही. आता तरी उतर."

लगेच एक कावळा उतरला आणि वडा घेऊन उडाला.

तेलुगू मुलखाच्या टोकाला, तडा गावात पेंचलय्याचा तंबूतला सिनेमा होता. कामाक्षम्मा अठरा वर्षं बायकांच्या दारावर तिकिटं फाडत आली. 'सात विहिरींचा मांत्रिक' हा तिचा पिक्चर. नवव्या रिळात पाताळात कोंडलेली राजकुमारी मांत्रिकाला म्हणते, "डोंगर हलवतोस, समुद्र पितोस, पण मेल्या, तुला एक चूल पेटवता येत नाही!" हे वाक्य ती पडद्याकडे पाठ करून, राजकुमारीच्या आधी, दारातून म्हणायची. घरी तर नवऱ्याला रोजच ऐकवायची. गेल्या वर्षभरात ते पेंचलय्यालाही पटलं होतं. त्याच्या उजव्या हाताला अजून फोड होते.

पण खेळाला उशीर झाला की पेंचलय्या हटकून नववं रीळच गाळायचा. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. तिने शेवटचा पाहिला त्या खेळालाही त्याने ते गाळलं होतं.

दुपारी मद्रासहून मागवून ठेवलेली पेटी उघडून तो एकेक रीळ उजेडाला धरून तपासू लागला. आठ रिळं ठीक होती. नवव्यात नायकाचा मित्र एकदम बारीक दिसला.

पेंचलय्याने डोळे चोळले. हा पिक्चर एकाच वेळी दोन भाषांत काढलेला. प्रत्येक प्रसंग आधी तेलुगूत घ्यायचा, मग तोच तमिळमध्ये. नायक, राजकुमारी, मांत्रिक तेच. मित्र तेवढा वेगळा, कारण हसवणारा माणूस दोन्हीकडच्या लोकांना आपापलाच लागतो. तेलुगूतला मित्र पिंपासारखा, तमिळमधला शेवग्याच्या शेंगेसारखा.

"हे तमिळ रीळ आहे," पेंचलय्या म्हणाला. "आपलं कुठं गेलं?"

"आरंबाक्कमला तंगवेलूकडे कालपासून हाच पिक्चर लागलाय," मस्तानय्या म्हणाला. "तमिळमधला. पेट्या भरताना झाली असेल अदलाबदल. जाऊ दे मामा. नववं तर तुम्ही नेहमीच गाळता."

पेंचलय्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की मस्तानय्याने निमूट सायकल आणून दिली.

आरंबाक्कम जवळच, सीमेपलीकडे तमिळ बाजूला. तंगवेलू तंबूबाहेर उकडलेल्या चण्यांचं सुंडल खात बसला होता. सीमेवरची माणसं, भांडणापुरती दोघांनाही दोन्ही भाषा यायच्या.

"तंगवेलू, तुझ्या पेटीत माझं नववं रीळ आलंय. हे तुझं घे, माझं दे."

"आलंय ना! काल दाखवलं मी."

"तेलुगू रीळ? आणि लोकांनी खुर्च्या नाही मोडल्या?"

"मोडल्या असत्या. पण मी उठून सांगितलं, पाताळ आहे ते, पाताळात तेलुगूच बोलतात. लोक म्हणाले, खरंय, आम्हाला वाटलंच होतं."

पेंचलय्याचा चेहरा लाल झाला. "आणि मित्र? तो मध्येच जाडा झाला, त्याचं काय?"

"आठव्या रिळात त्याला जादूचा अन्नाचा हंडा मिळतो ना? खाल्लं असेल चापून. दहाव्यात हंडा जातो, हा वाळतो. इतकी नीट गोष्ट मूळ पिक्चरमध्येसुद्धा नाही अण्णा! आज शेजारच्या गावांतून बैलगाड्या येणार आहेत. तीन दिवस थांब, मग ने."

"माझा कावळा तीन दिवस थांबायचा नाही!"

पेंचलय्या तडक तंबूत शिरला आणि नवव्या रिळाच्या डब्यावर त्याने बसकण मारली. तंगवेलूच्या चार माणसांनी त्याला आदराने उचललं, इडली खाऊ घातली, मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा पुडा हातात दिला आणि तमिळ डब्यासकट सायकलवर बसवलं.

संध्याकाळी तंबू फुटायची वेळ आली. फुकट म्हटल्यावर बायका सासवांना घेऊन आल्या होत्या. पुरुषांना तिकीट होतं, तरी तेही आले होते.

"मामा, अजून सांगतो, गाळा," मस्तानय्या कुजबुजला. "तमिळ लावलंत तर लोक यंत्र फोडतील."

"फोडू देत. नववं गाळायचं नाही."

यंत्र एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे. आठवं संपलं तसा पेंचलय्या पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. अठरा वर्षांत तो लोकांपुढे कधी बोलला नव्हता. दुसरं काही सुचेना.

"आता पाताळ लागेल," तो म्हणाला. "पाताळात... तमिळ बोलतात."

"बरोबर आहे!" मागून एक जण ओरडला. "माझी सासू आरंबाक्कमची आहे!"

तंबू हसून हसून कोसळायच्या बेतात आला. मित्र बारीक होऊन पडद्यावर आला, तेव्हा पेंचलय्याची शेजारीण वेंगम्मा वाळूत बसल्या बसल्या म्हणाली, "वाळणारच की! पाताळात कोण वाढतंय त्याला?"

मग राजकुमारी मांत्रिकासमोर उभी राहिली. पेंचलय्या यंत्राशेजारी जाऊन उभा राहिला होता. वाक्य तमिळमध्ये येणार होतं. दिलेला शब्द अर्धाच पाळला जाणार होता.

राजकुमारीने तोंड उघडायच्या आधीच बायकांच्या बाजूने दोनशे गळ्यांतून तेलुगूत आवाज उठला, "पण मेल्या, तुला एक चूल पेटवता येत नाही!"

शब्द तेच, हेलही तोच. 'मेल्या'वर तोच जोर. अठरा वर्षं दारातून ऐकून सगळ्यांना पाठ झालं होतं.

पडदा कोरा पांढरा झाला. रिळाचं शेपूट फटफट आपटत राहिलं.

"मामा, रीळ संपलं," मस्तानय्या म्हणाला.

"संपू दे," पेंचलय्या म्हणाला.

चौथ्या दिवशी तंगवेलूचा निरोप आला, तुझा डबा तयार आहे, माझा घेऊन ये. पेंचलय्याने डबा सायकलला बांधला. वेंगम्मा वाटेतच उभी होती.

"कुठं निघालात?"

"आपलं नववं रीळ आणायला."

"म्हणजे उद्यापासून राजकुमारीच बोलणार? मग आम्ही काय करायचं? मुरुक्कू खायचं?"

पेंचलय्याने डबा सोडला आणि सायकल तंबूला टेकवली.

त्याला आता महिना झाला. मद्रासच्या कंपनीची, पेटी परत मागणारी दोन पत्रं आली. तंगवेलूनेही पुन्हा निरोप पाठवलेला नाही. त्याच्याकडे बैलगाड्या अजून येतायत म्हणे. कावळ्याची काही तक्रार नाही. चूल पेटवायला पेंचलय्याला अजून चार काड्या लागतात. नववं रीळ आणायचं राहिलंय.