नंदू गायधनीचा पायगुण

कॉलेजचा संघ पुन्हा हरला आणि नंदू गायधनी पुन्हा जेवणावर रुसून सोफ्यावर आडवा झाला.

"अहो, हरली ती पोरं, तुम्ही नाही," शैलजाने ताट वाढता वाढता सांगून पाहिलं. "ती तिकडं बर्गर खातायत आणि तुम्ही इथं सुतक पाळताय."

"त्यांचं काय जातंय गं, वीस वर्षांची आहेत. मला नाही झेपत आता."

झेपत नव्हतं हे खरंच होतं. नाशिक सोडून दोह्यात आल्यापासून नंदूचं आयुष्य गॅस कंपनीच्या मेंटेनन्समध्ये आणि अबू हमूरच्या सिग्नलवर गेलं होतं. हौस म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. अशात मुलाची, श्रेयसची, कॉलेजच्या फुटबॉल संघात निवड झाली आणि ज्या माणसाने जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता, तो रातोरात संघाचा भक्त होऊन बसला. कुणाचा घोटा दुखावलाय, कुणाचं डोकं परीक्षेत अडकलंय, कप्तान मुदस्सिर कुणावर चिडलाय, सगळं नंदूला ठाऊक. श्रेयसला स्वतःलाही इतकं ठाऊक नसे.

पण या मोसमात संघाने त्याला नुसता पिळून काढला होता. एका शुक्रवारी मागच्या वर्षीच्या विजेत्यांना लोळवायचं आणि पुढच्याच शुक्रवारी अशा संघाकडून हरायचं, की ज्यांचा गोलकीपर एका हाताने चष्मा सावरत खेळतो. सारखे हरत राहिले असते तर माणसाने आशा सोडून शांतपणे वरणभात खाल्ला असता. यांनी तीही सोय ठेवली नव्हती.

सोफ्यावर पडल्या पडल्या नंदू एकेक सामना आठवत होता आणि आठवता आठवता ताडकन उठून बसला.

"शैलू, मी गेलो की हरतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ. प्लांटचं शटडाउन होतं, मी गेलो नाही, जिंकले. तुझ्या दाढेसाठी डेंटिस्टकडे बसलो होतो, जिंकले. त्या जुलाबाच्या वेळी तर तीन गोलांनी जिंकले! आणि मी मैदानावर गेलो रे गेलो, की खलास."

शैलजाला हसू आवरेना. "अगंबाई! पायगुण! हा नव्या सुनेचा बघतात म्हणून ऐकलं होतं. तुम्हाला या वयात लागला होय?"

ती हसली, पण नंदू हसला नाही. आपण इतके दिवस हौसेने जात होतो आणि आपणच या पोरांचा घात करत होतो! त्याने तिथल्या तिथे ठरवलं, यापुढे जायचं नाही.

गुरुवारी श्रेयसने दर गुरुवारसारखं विचारलं, "बाबा, उद्या येणारेस ना?"

"अरे, उद्या जरा काम आहे ऑफिसचं."

"शुक्रवारी? सुट्टीच्या दिवशी?"

"आहे खरं."

शुक्रवारी नंदू घरातच येरझाऱ्या घालत बसला आणि संघ जिंकला. जिंकला म्हणजे चांगला वाजतगाजत जिंकला. नंदूने श्रेयससाठी दार उघडलं ते मिठाईचा पुडा हातात घेऊनच. पण पोराचं तोंड बघतो तर सुकलेलं.

"अरे जिंकलात ना?"

"हो."

"तू कसा खेळलास?"

"ओके," म्हणून श्रेयस आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"बघितलंत?" शैलजा म्हणाली. "बाप आला नाही म्हणून कोमेजलंय लेकरू. तुमचा पायगुण घाला चुलीत. पुढच्या वेळी जायचं."

आता आली का पंचाईत! गेलं तर संघ हरतो, न जावं तर पोरगा झुरतो. नंदूने आठवडाभर डोकं खाजवलं आणि इंजिनियरला शोभेल असा तोडगा काढला. पायगुण लागायचा तर मैदानात पाय ठेवल्यावर लागणार. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलं तर पाय मैदानाला लागतच नाही! श्रेयसला तो म्हणाला, "प्रयत्न करतो, इन्शाल्ला." म्हणजे खोटंही नको आणि खरंही नको.

मैदान शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाच्या बाजूला होतं. नंदूने गाडी पार्किंगच्या टोकाला, जाळीच्या कुंपणाला चिकटून लावली, टोपी कपाळावर ओढली आणि सीट मागे घेऊन, गुन्हा करून फरार झाल्यासारखा बसला. संघ फार सुरेख खेळत होता. एक गोलही झाला. नंदूने गाडीतल्या गाडीत मुठी वळल्या आणि श्रेयसला शोधायला लागला. डावीकडे नव्हता. उजवीकडेही नव्हता. मग कडेच्या बेंचवर जॅकेट घालून, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून बसलेला दिसला तो श्रेयसच होता.

लागलं बिगलं की काय, म्हणून नंदू काच खाली करतो तोच कुणीतरी टपावर थाप मारली.

"गायधनीसाहेब! अहो, इथं काय बसलात चोरासारखे?"

हे मजीद सर, कॉलेजचे कोच. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या गाडीतून पाण्याचं खोकं काढायला आले होते. मूळचे म्हसळ्याचे. मोसमाच्या सुरुवातीला एका पोरावर ते सवयीने ओरडले होते, "अरे गाढवा, बघतोस काय!" आणि इतक्या दूर आपल्या भाषेतलं गाढव ऐकून नंदूचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून नंदू मैदानावर जाताना शैलजाच्या हातच्या साटोऱ्या नाहीतर कोथिंबीर वड्या घेऊन जाई आणि एकट्या राहणाऱ्या मजीद सरांना आधी वाढून मग संघाला देई.

"काही नाही, आपलं हे... ऊन बाधतं मला," नंदू म्हणाला.

"जानेवारीत?"

"थोडं थोडं."

पण मजीद सरांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. एकदा बेंचकडे बघत, एकदा नंदूकडे बघत ते म्हणाले, "श्रेयसला ना... आत्ता उतरवतच होतो बघा. अगदी आत्ताच!" आणि पाण्याचं खोकं तिथंच टाकून ते पळत सुटले.

पुढच्या मिनिटाला श्रेयस मैदानात होता. उतरला तोच उजळलेल्या चेहऱ्याने. जीव तोडून धावला, घामाघूम झाला, दोनदा आपटला. पण धावून धावून पोचायचा तो चेंडू नुकताच जिथून गेला तिथं. समोरच्या संघाला डावीकडून राजरस्ताच मोकळा झाला आणि त्यांनी दोन गोल केले. नंदू काच वर करून बसून राहिला. पायगुण कुणाचा, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सामना संपल्यावर त्याने मजीद सरांना गाठलं. "सर, खरं सांगा. मी नसलो की श्रेयसला बसवून ठेवता?"

मजीद सरांनी मान खाली घातली. "काय सांगू तुम्हाला? पोरगा लाखात एक आहे. सरावाला कधी दांडी नाही, उलट उत्तर नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त त्याला फुटबॉल येत नाही."

"मग मी आल्यावर का खेळवता?"

"अहो, घरचं करून आणून वाढता तुम्ही. ते खायचं आणि तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्याच पोराला बसवायचं? एवढा निलाजरेपणा आमच्यात नाही होत."

"आमच्यातही नाही होत," नंदू म्हणाला.

एवढं होऊनही संघ धडपडत फायनलला पोचला होता. नंदूने घरी सगळं सांगितलं तेव्हा शैलजाने पोळी लाटायची थांबून ऐकलं आणि लगेच निकाल दिला.

"मग प्रश्नच मिटला. फायनलला जायचं आणि अगदी पुढं बसायचं."

"अगं, फायनल आहे! मी गेलो तर हा खेळणार. हा खेळला तर..."

"तर काय? कप आला तर आपल्या घरी येणारे का? पोराला खेळू देत की. तुम्ही त्याचे बाप आहात का त्या संघाचे?"

प्रश्न साधा होता आणि उत्तरही तोंडावर यायला हवं होतं. ते आलं नाही, याचीच नंदूला लाज वाटली. आठवडाभर तो ऑफिसात जांभया देत हाच प्रश्न चघळत राहिला.

गुरुवारी सकाळी श्रेयस बुटांच्या नाड्यांची उगीचच सोडबांध करत समोर येऊन बसला. "बाबा, उद्या फायनल. येणारेस ना?"

इतके दिवस नंदूला वाटायचं, पोराला बापाचा लळा म्हणून विचारतो. आज त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पोराला सगळं माहीत होतं. बाप आला तरच मैदानात पाय पडणार, हे त्याला पहिल्यापासून कळलं होतं, आणि तरी एका शब्दाने न बोलता तो दर गुरुवारी विचारत होता.

"येतो रे. नक्की येतो."

येतो म्हटलं खरं, पण संघाची माया काही सुटेना. दुपारी ऑफिसातून त्याने हळूच मजीद सरांना फोन लावला. "सर, उद्या मी येतोय. पण माझी भीड धरू नका. श्रेयसला बसवायचं तर खुशाल बसवा. संघाचं बघा."

मग भरल्या आवाजात मजीद सर म्हणाले, "गायधनीसाहेब, फार मोठं मन आहे तुमचं."

फोन ठेवल्यावर नंदूला आधी फार थोर वाटलं आणि मग फार हलकट वाटलं.

फायनलला तो पायऱ्यांवर सर्वांसमोर बसला. शैलजा आली नाही. "हरले तरी तुमचं तोंड बघवणार नाही आणि त्याला बसवलं तरी त्याचं," म्हणून ती घरी राहिली. संघ मैदानात उतरला. डाव्या बाजूला, पहिल्या मिनिटापासून, श्रेयस! नंदूने घाबरून मजीद सरांकडे पाहिलं. त्यांनी लांबूनच छातीवर हात ठेवून मान लववली. साटोऱ्या खाऊ घालणाऱ्याच्या पोराला ते बसवू शकत नव्हते, मग इतक्या मोठ्या मनाच्या माणसाच्या पोराला कसले बसवतात!

पहिला अर्धा वेळ नंदू बाप म्हणून बसला. श्रेयस चुकला की टाळ्या, आपटला की टाळ्या. समोरच्यांनी श्रेयसच्याच बाजूने गोल केला तेव्हाही त्याने कसनुसं हसत टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्या अर्ध्यात मात्र संघाने उचल खाल्ली. मुदस्सिरचा एक फटका खांबाला लागून परत आला. नंदू उभा राहिला. तेवढ्यात समोरचा पोरगा श्रेयसला हुलकावणी देऊन पुन्हा आत घुसला, गोलकीपरने जिवाच्या आकांताने अडवलं, आणि मोसमभराचा सगळा शिणवटा, सगळा वैताग नंदूच्या तोंडून एकदम बाहेर पडला.

"सर! काढा हो त्या डावीकडच्याला बाहेर! काढा!"

त्या अख्ख्या मैदानात मराठी कळणारी तीनच माणसं होती आणि तिघेही जागच्या जागी थिजले. ओरडल्यावर आपण कुणाबद्दल ओरडलो, हे नंदूच्या ध्यानात आलं. पण गायधनीसाहेबांचा शब्द मजीद सर कसला खाली पडू देतात! त्यांनी झटक्यात हात वर केला आणि श्रेयसला बाहेर बोलावलं.

श्रेयस बेंचकडे गेला नाही. सरळ पायऱ्या चढून आला आणि नंदूच्या शेजारी बसला. नंदूला वर बघायची हिंमत होईना. "चुकलं रे माझं," तो पुटपुटला.

"चिल, बाबा. मीपण तेच म्हणणार होतो. दम संपला होता माझा," श्रेयस धापा टाकत म्हणाला. "आता बघ, मुदस्सिर डावीकडून घुसेल. बघ बघ... यल्ला! चल, चल!"

मुदस्सिर घुसला. बरोबरी झाली. पुढे अगदी शेवटी एक गोंधळ उडाला, चार पोरं एकमेकांवर पडली आणि चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. बाप-लेक एकमेकांच्या गळ्यात पडून असे नाचले, की नंदूचा चष्मा दोन पायऱ्या खाली जाऊन पडला. पूर्ण मोसमात दोघांनी शेजारी बसून पाहिलेली ती पहिली मॅच, आणि नंदूच्या समोर संघाने जिंकलेलीही पहिलीच.

तेवढ्यात शैलजाचा फोन आला. "खेळला का हो तो?"

"खेळला. पहिल्यापासून."

"वा! मग हरले असतील बिचारे."

"जिंकले."

"असं कसं?"

श्रेयसने फोन नंदूच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. "आई, बाबानेच ओरडून मला बाहेर काढायला लावलं. मग जिंकलो."

मग शैलजाचा आवाज आला, फार गोड आणि फार शांत. "तू ये हं राजा घरी. तुझ्या आवडीचं करते. आणि त्यांना म्हणावं, तुम्ही अगदी सावकाश या. आज तुमच्यासाठी दार लवकर उघडणार नाहीये."

नंदू मटकन पायरीवर बसला. गुडघे दुखत होते, घसा बसला होता आणि भूक तर अशी लागली होती, की मोसमभरात लागली नसेल.

श्रेयसने फोन त्याच्या खिशात ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात टाकला.

"डोन्ट वरी, बाबा. ताटकळत बसायची मला फुल प्रॅक्टिस आहे. मी बसतो तुझ्याबरोबर."