गावंडे यांचा पाचवा प्रश्न

आमच्या शेजारचे नामदेवराव गावंडे चुकीची उत्तरं तयार करतात आणि ती मोठ्यानं गाऊन पाहतात. बरोबर उत्तरं कोणीही गातं. गावंडे भर दुपारी अडीच वाजता, माझ्या विश्रांतीच्या वेळी, माझ्या व्हरांड्यात उभे राहून चुकीची गातात.

रेवा, ईशान, तुम्ही दोघं फोनवर हसता आणि म्हणता, आजी, त्यांच्याबद्दल लिही. तुम्हाला हसायला काय जातं? तुमच्यात आणि त्यांच्यात समुद्र आहे. माझ्यात आणि त्यांच्यात साडेचार फुटांची भिंत आहे, आणि ती त्यांच्या आवाजाला पुरत नाही.

गावंडे एसटीत होते. अमरावतीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी तीस वर्षं काढली. परतवाड्याची गाडी कधी, मोर्शीची कुठे लागते, तेल्हाऱ्याची गेली का, हे त्यांनी किती लोकांना सांगितलं असेल याचा हिशोब नाही. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना चांगला फोन घेऊन दिला आणि त्यावर प्रश्नांचा फॉर्म कसा बनवायचा ते शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता कॉलनीच्या ग्रुपवर त्यांची प्रश्नमंजूषा येते. विषय एकच, गाण्यांचे शब्द. पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येकासाठी वीस सेकंद.

"वीसच का?" मी विचारलं होतं.

"मॅडम, गाणं डोक्यात वाजायले तेवढा टाइम लागते. त्याच्यापक्षा कमी देला तं मानूस घाबरते. जास्त देला तं नातवाले इचारते."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या, तपासल्या, गठ्ठे बांधून वेळेवर पोचवल्या. ही माहिती गावंडे यांना कळली हा माझ्या उतारवयातला मोठा अपघात. त्यांनी मला न विचारता परीक्षक नेमलं. रविवारची प्रश्नमंजूषा गुरुवारी दुपारी माझ्याकडे तपासायला येते. फोनवर नाही, कागदावर, कारण "फोनवर चूक दिसत नाई, कागदावर डोळ्यात घुसते." हे मात्र त्यांचं खरं आहे, आणि त्यांचं काही खरं निघालं की मला जास्त राग येतो.

त्यांचे नियम कडक आहेत. रिकामी जागा ओळीच्या शेवटी ठेवायची नाही, कारण यमकावरून चोरी होते. पहिला प्रश्न लेकराला आला पाहिजे आणि चौथ्याला कॉलनीतल्या देशमुख वकिलांना घाम फुटला पाहिजे. 'यापैकी नाही' हा पर्याय त्यांच्या दारात येऊ शकत नाही. "यापैकी नाई म्हन्जे खिडकी बंद. आपुन खिडकी बंद करत नसतो." आणि सगळ्यात मोठा नियम असा की चुकीचा पर्यायही चालीत बसला पाहिजे. अर्थ लागला पाहिजे. तो ऐकून माणसाला क्षणभर वाटलं पाहिजे की हेच होतं.

या नियमापायी मागच्या वर्षी काय झालं ते सांगते. तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून भुलाबाई काय ते आधी सांगायला हवं. पावसाळा सरता सरता आमच्याकडे मुली मातीचे भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, मांडतात. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते, कानाशी वाजवते आणि आत काय खाऊ आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय खाऊ नाही. गावंडे म्हणतात, प्रश्नमंजूषा ही वऱ्हाडातच निघाली, बाकी जगानं नंतर उचलली.

तर एका गाण्यात भुलोजी रुसतात आणि पागोट्यात तोंड लपवतात. गावंडे यांनी चुकीचा पर्याय दिला, 'भुलोजी रुसले, रिक्षात जाऊन बसले.' आठवड्याभरात कॉलनीतल्या सगळ्या मुली भुलोजींना रिक्षात बसवू लागल्या. पागोटं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. गावंडे घाबरले. दुसऱ्या दिवशी चौदा घरांच्या बेल वाजवून त्यांनी प्रत्येक घरात खरी ओळ गाऊन दाखवली. मुलींनी ती ऐकून घेतली आणि संध्याकाळी रिक्षाच म्हटली.

"मॅडम, माह्याच हातानं गानं खराब झालं."

"मग चुकीचे पर्याय थोडे वाईट बनवा."

"वाईट कसे बनवू? मले येतच नाई."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तरी देशमुख वकील घालतात. एकदा त्यांनी ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला की तिसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर आहेत आणि त्यांचा एक गुण नाहक कापला आहे. त्याची फेरतपासणी कुठे भरली? माझ्या व्हरांड्यात. दोघांनी एकेक ओळ गायली. वकिलांचा सूर असा की समोरच्या घरातल्या सुनेनं खिडकी लावून घेतली. मी दोघांना चहा दिला, निकाल गावंडे यांच्या बाजूनं दिला, आणि तेव्हापासून वकील मला नमस्कार करताना मान जरा कमी वाकवतात.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवला नाही तो पाचवा प्रश्न.

पाचवा प्रश्न दर रविवारी तोच असे. तुमच्याकडे कोणी असा प्रश्न काढला तर त्याला घरी पाठवतील. वरच्या तीन ओळी ठरलेल्या:

भुलाबाई चालली माहेरच्या वाटा,
पायात रुतला बाभळीचा काटा,
काटा काढाया बाई कोण गं आलं?

आणि चौथी ओळ ओळखायची. पर्याय मात्र दर आठवड्याला नवे. कधी सासरा चिमटा घेऊन यायचा, कधी सोनाराची सून सुई घेऊन यायची. एकदा न्हावी आला होता. लोक कंटाळून काहीही दाबायचे आणि शेवटी त्यात सगळ्यांना शून्य मिळायचं. मी काही दिवस ही त्यांची लहर समजून सोडून दिलं. मग एका गुरुवारी उत्तरसूची मागितली. चार प्रश्नांची उत्तरं होती. पाचव्यासमोर कोरी जागा.

माझा आवाज चढला, हे मी कबूल करते. "गावंडे, चारही पर्याय चूक? ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न पेपरात घालायचा नसतो. हा प्रश्नपत्रिका काढायचा पहिला धडा आहे."

"माईत असतं तं इचारलं कायले असतं?"

"मग सरळ विचारा ना ग्रुपवर, कोणाला ही ओळ येते का म्हणून."

गावंडे खुर्चीत बसले. एरवी ते उभ्यानंच बोलतात, खिडकीतल्या माणसासारखे थोडे वाकून. "इचारलं, मॅडम. दोन साल झाले इचारून राहिलो. सरळ इचारलं तं कोनी सांगत नाई, अंगठा दाखवते आन् पुढं जाते. स्टँडवर पाहिलं ना मी. येखाद्यानं बाकीच्यायले 'दर्यापूरची गाडी कुठं लागली हो' म्हन्लं तं कोनी मान वर करत नव्हतं. पन मी चुकून भलता फलाट सांगितला का धा जन धावत येत. मानसाले सांगाचा कंटाळा येते, चूक काढाचा येत नाई."

त्यांना ती ओळ कशाला हवी होती, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. चहा गार झाला तरी घेतला नाही.

त्यांची थोरली बहीण सरूताई अकोल्याला लेकीकडे असते. आई गेली तेव्हा गावंडे चार वर्षांचे होते आणि ताई चौदाची. तेल्हाऱ्याकडच्या गावात तिनंच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, ते नोकरीला लागल्यावर मग स्वतःचं लग्न केलं. चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि हळूहळू सगळं विसरली. माणसं विसरली, घर विसरली. उरलं ते एक भुलाबाईचं गाणं. रोज दुपार कलली की ते सुरू करते, तीन ओळी म्हणते आणि 'कोण गं आलं' पाशी अडते. पुन्हा पहिल्यापासून. आठ वेळा, दहा वेळा. मग रडू लागते. तिच्या लेकीनं, मीनानं, तिला दुसरी गाणी ऐकवून पाहिली. ती ऐकत नाही. तिला हेच पुरं करायचं असतं.

"आन् मले ते येत नाई. आमी पोट्टे गाण्याच्या टायमाले तिथंच राहो, पन आमचं ध्यान सारं डब्यावर. ताई म्हने आन् मी खाऊची वाट पाहो. येक ओळ, मॅडम. येक ओळ आयकली असती तं काय झालं असतं."

गावंडे दर मंगळवारी अकोल्याला जातात हे मला माहीत होतं. मी समजत होते, निवृत्त माणसाला एसटीची सवय सुटत नाही.

त्यानंतर मी पाचव्या प्रश्नाला हरकत घेतली नाही. उलट लाल पेनानं एक सूचना केली की प्रश्नमंजूषा कॉलनीबाहेर जाऊ द्या, प्रत्येकाला आपापल्या नातेवाइकांकडे पाठवायला सांगा. त्या रविवारी पर्यायांत एक डॉक्टर होता. भुलाबाईच्या पायातला काटा काढायला डॉक्टर. मी तोही पास केला.

बुधवारी सकाळी, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा दहाच्या आत, बेल वाजली. मोर्शीहून उत्तर आलं होतं. देशमुखांच्या मामींची कोणी विहीण, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर तेल्हाऱ्याजवळचं. सुनेनं टाइप केलेलं होतं, पण बोलणं सासूबाईंचंच. गावंडे यांनी ते कागदावर उतरवून आणलं होतं आणि मला उभ्याउभ्या वाचून दाखवलं. "'हा कोन बह्याड मानूस गानं खराब करून राहिला? काट्याले डाक्टर येते का कधी? चारी चूक हाय. आमी असं म्हनत होतो.'" मग थांबून त्यांनी ओळ वाचली.

कोणी नाही आलं बाई, माझा मीच काढला.

"मले बह्याड म्हन्लं," वेडा म्हटल्याच्या आनंदात ते म्हणाले. त्यांनी ओळ चालीवर गायली. बसली. पुन्हा गायली. तिसऱ्यांदा गाताना आवाज लहान झाला आणि ते माझ्या कुंड्यांकडे बघत राहिले.

"हीच ना?" मी विचारलं.

"हीच आहे. मले आता आयकू येऊन राहिलं, तिचा आवाज." त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मॅडम, मंगळवारी तुमी संग चालता का? मले येकट्याले म्हनवनार नाई."

मला प्रवास सोसत नाही, आणि मंगळवारी मी कपाटं आवरते. तरी गेले. बडनेरा, मूर्तिजापूर करत गाडी अकोल्याला पोचेपर्यंत गावंडे यांनी खिडकीबाहेर बघत ती ओळ इतक्यांदा पुटपुटली की पुढच्या बाकावरची बाई मागे वळून पाहू लागली. मी तिला सांगितलं की ते पाठांतर करत आहेत.

मीनाचं घर नीटनेटकं होतं, मला आवडलं. सरूताई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरं पातळ, पायांवर गोधडी. भावाकडे त्यांनी दारातून आलेल्या उन्हाकडे बघावं तसं पाहिलं. चार वाजायच्या सुमारास त्यांनी स्वतःशीच सुरुवात केली. आवाज बारीक, पण सूर पक्का.

"काटा काढाया बाई कोण गं आलं..."

थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. बोटं गोधडीवर काहीतरी शोधू लागली. मीनानं मामाकडे पाहिलं. मी पाहिलं. गावंडे यांच्या हातात तो कागद होता.

त्यांनी कागद खिशात ठेवला आणि गायलं,

"धाकला भाऊ आला बाई, त्यानं काटा काढला."

एका शब्दासाठी वकिलाशी भांडणारा हा माणूस. सरूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गोधडी बाजूला सारली आणि उजवा पाय हळूच त्यांच्यासमोर केला.

गावंडे पलंगाशी खाली बसले. चष्मा कपाळावर सरकवला, पाय मांडीवर घेतला आणि टाचेपासून बोटांपर्यंत अंगठ्यानं चाचपून पाहिलं. घाई केली नाही. एका जागी थांबले, नखानं हलकेच काही काढल्यासारखं केलं.

"निंगाला काय रे?" सरूताईंनी विचारलं.

"निंगाला, ताई."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं गाणं म्हणायला लागल्या, न अडता, शेवटपर्यंत. पुढे सहा ओळी होत्या. त्या मी माझ्या पर्समधल्या कागदावर उतरवून घेतल्या, कारण गावंडे यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.